केस, कोंडा आणि टँकरचं पाणी: आधी आपलं डोकं ओळखा

मोगरा_दादर

गप्पांच्या पानावर केसांची चर्चा वाहून जायला लागली म्हणून वेगळा धागा काढतेय. तिथे एकीने फक्त 'केस फार गळताहेत, काय लावू?' एवढंच विचारलं होतं. तासाभरात कांद्याचा रस, आंबट दही, अंडं, मेथी, एरंडेल असं अर्धं स्वयंपाकघर तिच्या डोक्यावर ओतून झालं. तिचे केस सरळ की कुरळे, डोकं तेलकट की कोरडं, नळाला पाणी पालिकेचं येतं की टँकरचं, मध्ये आजारी होती का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जिला जे लागू पडलं ते तिने सांगितलं. हेतू चांगलाच, पण डोकं तिचं नव्हतं.

मी अंबरनाथ एमआयडीसीत शाम्पू-कंडिशनर बनवणाऱ्या एका युनिटात बरीच वर्षं क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या विभागात, होते. डॉक्टर नाही. त्यामुळे मी केसाबद्दल बोलेन, आजाराबद्दल आपले डॉक्टर आयडी येतीलच.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की बाहेर दिसतो तो केस मेलेला असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. जिवंत कारभार सगळा त्वचेच्या आत, मुळाशी. बाटलीवर 'पोषण' लिहिलेलं असलं तरी केस काही जेवत नाही. वरून लावून आपण त्याची झीज थांबवू शकतो, इतकंच. नवा केस कसा येणार ते रक्तातून काय पोचतं आणि डोक्याची त्वचा किती धड आहे यावर ठरतं. म्हणून माझा साधा हिशेब: शाम्पू डोक्याला, तेल आणि कंडिशनर केसांना. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. तेल मुळांशी खसाखसा चोळायचं, आणि शाम्पूचा फेस टोकांना कपडे धुतल्यासारखा घासायचा. टोकं बिचारी सगळ्यात जुनी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा पावसाळे पाहिलेलं असतं.

आता प्रकार. अमेरिकेत आंद्रे वॉकर नावाच्या हेअरस्टायलिस्टने १९९० च्या दशकात १ ते ४ अशी वर्गवारी लोकप्रिय केली: १ सरळ, २ लाटदार, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट वेटोळ्यांचे, आणि त्यात पुन्हा ए-बी-सी. यूट्यूबवर '२ सी', '३ ए' ऐकता ते हेच. वळण पाहायला ठीक आहे, पण शाम्पू निवडायला ते अपुरं. माझ्या मते चार गोष्टी बघा.

वळण: डोकं धुवा, काहीही लावू नका, विंचरू नका, पंख्याखाली आपोआप वाळू द्या. जे दिसेल ते तुमचं. आपल्याकडे कितीतरी बायका आयुष्यभर 'माझे केस पिंजारलेले आहेत' म्हणत असतात आणि ते निघतात चांगले लाटदार, फक्त कोरडे असताना बारीक दातांच्या कंगव्याने विंचरून विंचरून त्यांची लाट मोडलेली असते.

जाडी: एकच केस चिमटीत धरून फिरवा. बोटांना जाणवला तर राठ, धरलाय की नाही असं वाटलं तर बारीक. बारीक केसांना तेल आणि जड कंडिशनर सोसत नाही, लगेच चिप्पू होतात.

दाटपणा वेगळा. बारीक पण दाट असू शकतात, राठ पण विरळही.

आणि डोकं किती दिवसांत तेलकट होतं. याचा वळणाशी संबंध आहे: सरळ केसावरून मुळाशी सुटलेलं तेल सरसर खाली येतं, कुरळ्यावरून ते उतरायला वेळ लागतो. म्हणून कुरळेवाल्यांची मुळं तेलकट आणि टोकं खरखरीत असा दुहेरी ताप.

ग्लासात केस टाकून तो बुडतो की तरंगतो ते बघायची टेस्ट फिरतेय ना, ती सोडून द्या. केसावर कालचं सीरम असलं तरी तो तरंगतो.

लिहा आपापलं.

कुरळकेशी

मोगराताई, धागा काढलास ते बरं झालं गं. '३ बी', बारीक, दाट. लहानपणी आई रोज सकाळी कोरड्या केसांतून फणी फिरवायची आणि वर म्हणायची, कुणाचे घेतलेस हे केस! शाळेत नाव 'झिपरी'. आता माझे केस बऱ्यापैकी सांभाळले जातात, पण जून लागला की सगळं मुसळ केरात. घरून निघताना बटा छान असतात, आणि घाटकोपरला मेट्रोचा जिना चढेपर्यंत डोक्याभोवती ढग. पुण्याला बहिणीकडे हाच क्रीम लावून काही होत नाही. असं का?

मोगरा_दादर

@कुरळकेशी, पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. केसाच्या आत केराटिनचे धागे एकमेकांना धरून असतात, त्यातले काही बंध कच्चे असतात, पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा बसतात. हवेतला ओलावा केसात शिरला की हे बंध सुटून भलत्याच ठिकाणी बसतात. केसाच्या वरचा पापुद्रा मंगलोरी कौलांसारखा एकावर एक असतो. ती कौलं उचकटलेली असली, म्हणजे रंग, इस्त्री, घासाघीस झालेली असली, तर ओलावा आणखी पटकन आत जातो.

तुझ्या क्रीमच्या मागे घटक वाच. पहिल्या चार-पाचांत ग्लिसरीन असेल तर पावसाळ्यात ते बाजूला ठेव. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. जानेवारीत पुण्यात ते कामाचं, जुलैत घाटकोपरला उलटतं. त्याऐवजी सिलिकोनवालं सीरम, डायमेथिकोन लिहिलेलं, थेंब-दोन थेंब, तेही केस ओले असतानाच. सिलिकोनला लोक उगाच शिव्या घालतात. साध्या शाम्पूने निघून जातं ते.

आणि टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. आजोबांचा पंचा काढ. डोकं खाली करून केस पंच्यात गोळा करायचे आणि मुठीने दाबायचे. घासायचं नाही, पिळायचं नाही. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. सरळ केसवाल्यांनी मात्र उलट, बरेचसे वाळल्यावर विंचरा. ओला केस ताणला जातो आणि तुटतो.

विरार_फास्ट

आमच्याकडे वळण, जाडी नंतर. आधी पाणी! लग्नाआधी परळला राहायचे, तेव्हा केसांना काही करावं लागत नव्हतं. इथे कॉम्प्लेक्सला निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं. शाम्पूला फेस येत नाही, केस धुतल्यावर हाताला चिकट राखेसारखं लागतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर सेक्रेटरीकाका म्हणतात, सगळ्यांचेच गळतात, वयाने गळतात.

मोगरा_दादर

@विरार_फास्ट, तुझं निरीक्षण बरोबर आहे. मुंबई पालिकेचं पाणी येतं तानसा, भातसा, मोडकसागर, विहार, तुळशी वगैरे सात तलावांतून, म्हणजे जवळजवळ सगळं पावसाचं, मृदू. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं. गीझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो ना, तोच केसांवर बसतो. तू म्हणतेस ती राख तीच.

पण त्याने केस मुळापासून गळत नाहीत. राठ होतात, गुंता होतो आणि मग तुटतात. तुटलेत की गळलेत हे घरीच कळतं. कंगव्यातला केस पांढऱ्या कागदावर ठेव. एका टोकाला मोहरीपेक्षाही बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळापासून आलेला. दोन्ही टोकं सारखी आणि लांबीला तोकडा असेल तर तुटलेला. तुटत असतील तर पाण्याचं आणि हाताळणीचं बघ, मुळापासून येत असतील तर डॉक्टर.

उपाय: घटकांत 'ईडीटीए' (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा, शाम्पू पंधरवड्यातून एकदा. एरवी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्यायचे. आरओ असेल तर उत्तम. नळाला लावायचे ते छोटे फिल्टर गाळ अडवतात, विरघळलेला क्षार फारसा नाही, त्यावर पैसे घालण्याआधी विचार कर.

निवांत_आजी

गिरगावातून लिहिते आहे. वय विचारू नये, पण वेणी अजून कंबरेच्या वर गेलेली नाही. आम्ही कधी सीरम पाहिलं नाही. आठवड्यातून एकदा खोबरेल, त्यात जास्वंदीची फुलं आणि माका उकळलेला, आणि न्हायला शिकेकाई. तुम्ही मुली तेलाला नावं ठेवता आणि मग पार्लरात तेच 'हॉट ऑइल स्पा' म्हणून पैसे देऊन लावून घेता!

कुरळकेशी

आजी +१००. स्पावाली बिलं बघून घेरी येते.

मोगरा_दादर

आजी, तेलाला नावं नाही ठेवली हो. उलट तुमच्या बाजूने पुरावा देते. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले यांचा एक शोधनिबंध आला. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल, तिन्ही केसांवर तपासली, आणि धुताना केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. हे संशोधक मुंबईच्याच मॅरिकोचे, खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे, तेव्हा तेवढं ध्यानात ठेवून वाचायचं. पण नंतरच्या कामांतही खोबरेल आत शिरतं हे दिसलंय.

म्हणजे धुण्याच्या आधी, केसांच्या लांबीला, थोडं तेल. हे तुम्ही करताच. रात्रभर डोकं निथळेपर्यंत थापायची गरज नाही. आणि तेलाने केस 'वाढतात' हे मात्र मी मान्य करणार नाही. तुटत नाहीत म्हणून लांब राहतात.

शिकेकाईत सॅपोनिन असतं, फेस कमी पण मळ निघतो, शिवाय ती सौम्य आम्ल आहे, साबणासारखी अल्कधर्मी नाही. अंगाचा साबण डोक्याला लावणाऱ्या तमाम बाप्यांनी हे वाचावं.

त्वचावैद्य

उशिरा आलो, ओपीडी होती. मोगराताईंनी पाया नीट घातला आहे. मी तीन-चार गोष्टींवर लिहितो.

कोंडा. कोंडा म्हणजे कोरडेपणा, म्हणून तेल चोळा, हा समज घराघरांत आहे. मॅलेसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, प्रत्येकाच्या डोक्यावर असते, ती त्वचेच्या तेलावरच जगते. काहींच्या त्वचेला तिने सोडलेले पदार्थ सोसत नाहीत, खाज सुटते, पापुद्रे निघतात. त्यावर तेल चोळणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. पापुद्रे तेलात चिकटून बसतात आणि दोन दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो, इतकंच. आजींना कोंडा नाही, त्यांना तेल चालतं. ज्यांना आहे त्यांनी मुळांना लावू नये.

कीटोकोनॅझोल २ टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्याच्या त्वचेला लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. ही मिनिटं कुणी पाळत नाही. बादलीचं पाणी संपायच्या घाईत लावला की धुतला, आणि मग 'डॉक्टर, काही फरक नाही'. दोन ते चार आठवड्यांनी कमी झाला की मग आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. कोंडा कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो. भुवया, नाकाच्या कडा लाल होऊन सोलत असतील किंवा जाड चांदीसारखे पापुद्रे असतील तर दाखवा, ते निराळं असू शकतं.

ओले केस क्लचरमध्ये अडकवून आठ-सव्वाआठची गाडी पकडणाऱ्या भगिनींनो, ते डोकं चर्चगेटपर्यंत वाळत नाही. खाज आणि वास त्याचाच. शक्य असेल तर रात्री, पंख्याखाली वाळतील अशा बेताने धुवा. आणि रोज तोच करकचून अंबाडा किंवा पोनी घातली तर कानशिलांजवळचे केस मागे हटतात. सुरुवातीला थांबवलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ताणले तर नाही.

आता गळती. रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. आठवड्यातून दोनदाच धुणाऱ्यांना त्या दिवशी झुपका दिसतो, घाबरू नये. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेऊन पडतो. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम पडतात. मुंबईत दर वर्षी हेच: ऑगस्टमध्ये डेंग्यू किंवा मलेरिया, आणि नोव्हेंबरात माणूस ओंजळभर केस पिशवीत घालून ओपीडीत. मधल्या काळात त्याने शाम्पू बदललेला असतो, दोष शाम्पूवर. मी पहिला प्रश्न विचारतो, गणपतीच्या आसपास आजारी होता का? ही गळती सहसा सहा महिन्यांत आपली आपण थांबते.

महिनोन्महिने चालू असेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, गरजेप्रमाणे बी-१२ आणि डी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. अशा बाईला मी तेल कुठलं सांगू? पाळी अनियमित, हनुवटीवर केस, मुरमं असतील तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोषांच्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी. बायोटिनच्या गोळ्या मनाने खाऊ नका. कमतरता क्वचितच असते, आणि थायरॉईडच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. खात असाल तर निदान रक्त द्यायच्या आधी सांगा.

गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती चाई. शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते, किड्याने खाल्लेलं नसतं. लसूण घासून कातडी भाजून आलेली मुलं मी पाहिली आहेत. लहान मुलाच्या डोक्यावर चट्टा, तुटके केस आणि खपल्या असतील तर बुरशी असू शकते, त्याला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही.

खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन, कूपर, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

अर्धचंद्र

आयडीवरून कळलंच असेल. बायकांच्या धाग्यात घुसतोय, हलकेच घ्या. वडिलांना टक्कल, आजोबांना टक्कल, मामा मात्र अजून कंगवा खिशात घेऊन फिरतात. ऑफिसात एकाने मिनॉक्सिडिल, ते टकलावर लावायचं औषध, सांगितलं. लावायला घेतल्यावर जास्तच गळायला लागले म्हणून बंद केलं. हेल्मेटमुळे होतं का हे? बाइकवर रोज ठाणे-बीकेसी.

त्वचावैद्य

@अर्धचंद्र, हेल्मेट निर्दोष आहे, घालत राहा. आत घाम साठतो म्हणून अस्तर धुवा, सुती रुमाल बांधा. तुमचं आनुवंशिक आहे, आणि ते आई-वडील दोन्हीकडून येतं, मामावर भरवसा ठेवू नका. डीएचटी या हार्मोनने मुळं हळूहळू आकसतात.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, अंगावर केस वाढतात हे दिसल्यावर डोक्यासाठी आलं. पहिल्या काही आठवड्यांत जुने केस ढकलले जातात म्हणून गळती वाढते. तिथेच निम्मे लोक सोडतात. फायदा दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. फिनास्टराइड ही टकलावरची पोटात घ्यायची गोळी डॉक्टरांशी बोलूनच, त्याचे दुष्परिणाम समजून. गरोदर बाईने त्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

भांडुपची_मावशी

शाळेतून उवा घेऊन आलीय लेक. कोंड्याचा धागा आहे माहितेय, पण मला दुसरा दिसला नाही. रॉकेल लावू का? सासूबाई म्हणताहेत.

त्वचावैद्य

रॉकेल अजिबात नको! पेटतं, कातडी भाजतं. परमेथ्रिन १ टक्का, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा, कारण लिखांमधून नव्या उवा तोवर बाहेर येतात. मध्ये रोज ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतून बारीक फणी. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, सासूबाईंचंही.

नवरी_बोरिवलीची

डिसेंबरात लग्न आहे. पार्लरवाली केस सरळ करायचं ते 'केराटिन' कर म्हणतेय, फॉर्मल्डिहाइड फ्री आहे म्हणाली. माझ्या मैत्रिणीचे डोळे तिथे बसल्या बसल्या चुरचुरायला लागले होते. करू का?

मोगरा_दादर

डोळे चुरचुरले यातच काय ते आलं गं. नाव केराटिन असलं तरी केस सरळ राहतात ते रसायनाने आणि इस्त्रीच्या उष्णतेने. डब्यावर फॉर्मल्डिहाइड नसतं, 'मिथिलीन ग्लायकॉल' असतं, इस्त्री फिरली की वाफ तीच. आणि 'फ्री' म्हणून विकतात त्यांत पुष्कळदा ग्लायऑक्झायलिक ॲसिड. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची हकीकत छापून आली: असं ॲसिड असलेलं स्ट्रेटनिंग तिने तीनदा केलं आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली. सगळ्यांना होतं असं नाही. पण लग्नाच्या तोंडावर मी करणार नाही. अंबाडा आणि गजरा असणार ना? मग सरळ कशाला, लाटदार केसांचा अंबाडा उलट जास्त भरतो.

त्वचावैद्य

आणि @नवरी_बोरिवलीची, 'काळी मेंदी' लावणार असाल तर हातालाही नको आणि केसालाही नको. नुसत्या मेंदीने काळं होत नाही, त्यात पीपीडी हे हेअर डायमधलं रसायन मिसळलेलं असतं. कुठलाही डाय लावायचा तर कानामागे थेंब लावून ४८ तास थांबा. आधी चालला होता म्हणून आता चालेलच असं नाही.

निवांत_आजी

डॉक्टरांचं पटलं, तरी माझी शिकेकाई लिहून ठेवते, कोंडा नसलेल्यांनी करावी. शिकेकाई दोन वाट्या, वाळलेला आवळा अर्धी वाटी, रिठे बिया काढून मूठभर, नागरमोथा आणि कपूरकाचरी थोडी, मेथी चमचाभर. उन्हात कडकडीत वाळवून दळायचं. गिरणीवाला शिंकतो म्हणून नाही म्हणतो, त्याला दळणाच्या शेवटी द्यायचं. न्हायच्या आधी कढत पाण्यात भिजवून गाळून घ्यायचं, नाहीतर केसात भुसा अडकतो. डोळे घट्ट मिटायचे, रिठा फार झोंबतो.

विरार_फास्ट

आजी, आमच्या बोअरच्या पाण्याला चालेल का हे?

मोगरा_दादर

चालेल. अंगाच्या साबणासारखा त्याचा चोथा धरत नाही. पण शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचेच घे.

कुरळकेशी

जाता जाता, कपूरकाचरी कुठे मिळते? आमच्या वाण्याने कापूर आणि काकडी हातात ठेवली.

निवांत_आजी

दादरला काष्ठौषधीच्या दुकानात जा. हातात घेऊन वास घे, वास नसेल तर जुनी आहे, घेऊ नको.